दिपमालाचा पाचवा खर्डा

जळगावच्या कोर्टासमोरच्या गल्लीत नीलेशचं टायपिंगचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि दोन कुलर. त्यातला एकच चालतो. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला मान खाली घालून जी बाई टाइप करत असते, ती दिपमाला. सतरा वर्षं ती त्याच खुर्चीवर बसते आहे. शपथपत्रं, भाडेकरार, हक्कसोडपत्रं, प्राध्यापकांचे प्रबंध, रिटायर झालेल्या मुख्याध्यापकांची आत्मचरित्रं, सगळं तिच्या बोटांखालून गेलंय. तलाठ्याचं अक्षर असो की डॉक्टरचं, तिला ते लागतं. वकील लोक गमतीनं म्हणतात, मुंगी शाईत बुडून कागदावरून चालत गेली तरी दिपमालाताई ते टाइप करून देतील.

माहेर तिचं चोपड्याजवळचं. घरी केळीची बाग, मोठं खटलं, आणि एका स्वयंपाकघरात दोन जावा: दिपमालाची माय बेबाबाई आणि तिची मोठी माय, म्हणजे थोरली काकू, भिकुबाई. या दोघी एकमेकींशी एकोणीस वर्षं बोलल्या नाहीत. एकाच चुलीवर भाकरी केल्या, एकाच कळशीतलं पाणी प्यायल्या, पण बोलल्या नाहीत. भांडणाचं कारण काय होतं ते घरात तिघं तीन प्रकारे सांगायचे. अबोला मात्र पक्का. आणि अबोला असला तरी घर चालायला बोलावं तर लागतंच, म्हणून सात वर्षांची दिपमाला मधे उभी राहायची.

"सांग तुनी मोठी मायले, भाजीमा मीठ जास्ती शे."

चार फुटांवर उभ्या असलेल्या मोठ्या मायनं ते ऐकलेलंच असायचं. तरी दिपमाला वळायची आणि सांगायची, "माय म्हणते, भाजी चांगली झालीय, जरा पाणी घाल." मोठी माय म्हणायची, "तिले सांग, मंग तूच रांध म्हना." दिपमाला परत वळून सांगायची, "मोठी माय म्हणते, बरं." दोघींनाही माहीत होतं की पोरगी मधल्या मधे शब्द बदलते आहे. पण कुणी तिला कधी टोकलं नाही.

लग्न होऊन ती मेहरूणला आली. नवरा योगराज डाळमिलमध्ये सुपरवायझर, सरळ माणूस. एक मुलगी झाली, मोठी झाली, नाशिकला नर्सिंगला गेली. आणि एका उन्हाळ्यात कोर्टाला सुट्ट्या असताना, दुकानात माशी हलत नव्हती तेव्हा, दिपमालानं दोन जावांची गोष्ट लिहायला घेतली. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खायची आणि दुसऱ्या हातानं टाइप करायची. फाइलला नाव दिलं 'जुनी शपथपत्रं', म्हणजे नीलेश उघडणार नाही. दीड वर्षात एकशे चाळीस पानं झाली.

अभिमन सरांशी तिची ओळख झाली ती एका मुख्याध्यापकांच्या आत्मचरित्रामुळे. पुस्तक धुळ्याचे अभिमन सर काढणार होते. मराठीचे निवृत्त प्राध्यापक, देवपूरला राहत्या घरातूनच प्रकाशन चालवायचे. पंचवीस वर्षांत चाळीस पुस्तकं, पण एकेक वेचून काढलेलं. दिपमालानं टाइप केलेल्या पानांसोबत शंकांचा एक कागद जोडला होता: इथं तारीख चुकली आहे का, या माणसाचं नाव मागे वेगळं होतं, हे वाक्य दोनदा आलं आहे. एकूण सदतीस शंका. तिसऱ्या दिवशी दुकानात फोन आला.

"या शंका कोणी काढल्या?"

दिपमालाला वाटलं, झाली चूक. "मी, सर."

"पस्तीस बरोबर आहेत," पलीकडचा आवाज म्हणाला. "तुम्ही स्वतः काही लिहिता का?"

इतक्या वर्षांत तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ती "हो" म्हणून गेली, आणि मग मागे फिरता येईना.

तिनं पानं पाठवली, आणि महिन्याभरात ती एका रविवारी एसटीनं धुळ्याला गेली. सरांच्या ओट्यावर तिची एकशे चाळीस पानं टेबलावर होती आणि त्यावर लाल शाईनं बारीक मुंग्यांसारखी अक्षरं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणाले, "पुस्तक शे हाई." मग शहरी मराठीवर येऊन पुढे म्हणाले, "पण अजून झालेलं नाही. खूप काम आहे. दिवाळीपर्यंत काढू."

परतताना पारोळ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि काय बघतेय ते तिला कळत नव्हतं. मेहरूणला पोचल्यावर तिनं आधी मायला फोन केला. मायनं गावात सांगितलं. गावानं चोपड्यात सांगितलं.

याला आता चार वर्षं झाली.

पहिल्या खर्ड्यावर सरांचा शेरा होता, 'निवेदन प्रथमपुरुषी असावे. लेखिकेच्या बालपणीचा अनुभव थेट यावा.' दिपमालानं सगळी पानं 'मी' घालून पुन्हा लिहिली. आठ महिने गेले. दुसऱ्या खर्ड्यावर शेरा आला, 'प्रथमपुरुषी निवेदनामुळे दोन्ही जावांना न्याय मिळत नाही. तृतीयपुरुषी करून पाहावे.' तिनं फोन केला.

"सर, आधी तसंच होतं."

"हो ना. पण मधे हा टप्पा होणं गरजेचं होतं. तुम्हाला जाणवला का फरक?"

फरक जाणवला होता, तीच तर पंचाईत. सर जे सांगायचे ते पुष्कळदा खरं असायचं. त्यांनी लग्नाचं बावीस पानांचं प्रकरण काढायला लावलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती, आणि काढल्यावर पुस्तक मोकळं झालं होतं. वाईट संपादक असता तर सोडून देता आलं असतं. हा चांगला होता आणि हातचं सोडत नव्हता. दर दसऱ्याला तो म्हणायचा, "या दिवाळीला राहू द्या, घाई कशाला? पुस्तक कायमचं असतं."

गावाला गेलं की लोक विचारायचे, "कव्हय येस तुनं पुस्तक?" एका लग्नात तर एका मामेसासऱ्यानं पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं, "छापखान्याची वीज गेली का काय?" लोक हसले. दिपमालाही हसली, आणि घरी येऊन कादंबरीतला मुंडावळ्यांचा प्रसंग एका झटक्यात पुसून टाकला. तो चांगला प्रसंग होता. परत काही तसा लिहिता आला नाही.

योगराज म्हणाला, "दुसरीकडे पाठव ना. धुळ्यालाच काय सोनं लागलंय?"

तिनं सरांना न सांगता पुण्याच्या एका प्रकाशनाकडे पाठवलं. सात महिन्यांनी चार ओळींची मेल आली: भाषा चांगली आहे, मात्र कथानक घरगुती वाटते, खानदेशातील शेतकरी आत्महत्येचा धागा आणता आल्यास विचार करता येईल. दिपमालानं ती मेल योगराजला वाचून दाखवली. योगराज बराच वेळ विचार करून म्हणाला, "पण आपल्याकडे कोणी केली नाही ना?"

"नाही ना!" ती ओरडली. का ओरडली ते त्या बिचाऱ्याला कळलं नाही.

तिसऱ्या खर्ड्यानंतर एक गोष्ट घडली. धुळ्याहून पानं परत आली आणि दिपमालानं पहिलं पान बघताच तिला काहीतरी खटकलं. शाई तीच लाल होती. पण 'र' वेगळा होता. सरांचा 'र' पाय लांबवून बसायचा, हा ताठ उभा होता. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. दिपमालाचा धंदाच तो. तिला वाटलं, सर कोणाकडून लिहून घेत असतील, वय झालंय. पण नुसतं अक्षरच बदललं नव्हतं. पूर्वी शेरे असायचे 'विचार व्हावा', 'अधिक उठाव हवा'. आता होतं, 'ही इथं रडणार नाही. भांडी घासेल.' 'सासू इतकं लांब बोलत नाही, तिला दम लागतो.' 'ही भाकर कोण खाणार? तीन जणांच्या सहा भाकरी का?'

दिपमाला शेरे वाचताना पहिल्यांदा चिडली, मग कामाला लागली. चौथा खर्डा तिनं पाच महिन्यांत पुरा केला. शेवटही तेव्हाच सुधारला. खऱ्या आयुष्यात दोन्ही जावा पुन्हा बोलायला लागल्या त्या तहसीलमध्ये वारसाच्या कागदावर सही-अंगठा करायला गेल्या होत्या तेव्हा. परत येताना एसटी स्टँडच्या वाटेवर थोरलीची चप्पल तुटली आणि ती म्हणाली, "चप्पल तुटनी." एकोणीस वर्षांनंतरचे पहिले दोन शब्द. दिपमालानं त्यावर धाकटीच्या तोंडी एक उत्तर घातलं होतं, चांगलं सहा ओळींचं. लाल शाईनं त्या सहाही ओळी खोडल्या होत्या आणि बाजूला लिहिलं होतं, 'धाकटी काही बोलणार नाही. फक्त थांबेल.'

दिपमालानं त्या ओळी काढल्या. वाचून पाहिलं. तिच्या अंगावर काटा आला.

पानं पाठवून पंधरा दिवस झाले आणि सरांचा फोन आला. आवाज चढलेला. "दिपमालाताई, धाकटीचं ते उत्तर कुठं गेलं? सासूचं भाषण कुठं गेलं? मी एवढं घडवून आणलेलं, तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून कापलंत?"

"तुमच्याच, सर."

"मी? मी असं कधी म्हटलं?"

पुढच्याच रविवारी ती न कळवता धुळ्याला गेली. देवपूरच्या गल्लीत शिरतानाच तिला वाचण्याचा आवाज ऐकू आला. ओट्यावर सर डोळे मिटून खुर्चीत बसले होते आणि समोर पाटावर त्यांची सून डिंपल कोणाचीतरी कादंबरी मोठ्यानं वाचत होती. दिपमालानं डिंपलला आधी पाहिलं होतं ते पाणी आणून देताना, चहा ठेवताना. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. डिंपलनं वाचन थांबवलं.

"का थांबलीस?" सरांनी विचारलं. दिपमाला दहा पावलांवर उभी होती, आणि सरांना ती दिसत नव्हती.

काचबिंदू होता. तीन वर्षांपासून. डाव्या डोळ्यानं दिसणं गेलं होतं, उजव्यात धुरकटसं थोडं उरलं होतं. बाहेर कोणाला कळू द्यायचं नाही अशी घरात ताकीद होती. आंधळ्या संपादकाकडे कोण हस्तलिखित देणार? हे डिंपलनं स्वयंपाकघरात, चहा उकळत असताना, हळू आवाजात सांगितलं. डिंपल बोदवडची, बी.कॉम. झालेली, तीस-बत्तीसची. सर, म्हणजे तिचे नाना, ऐकत, शेरा सांगत, ती लिहीत.

"मग धाकटी बोलणार नाही, हे कोणी सांगितलं?" दिपमालानं विचारलं.

डिंपलनं गॅस बारीक केला. "मी लिहिलं."

"आणि भांडी घासेल ते?"

"तेही. ताई, मोठ्यानं वाचताना कळतं हो. जिथं खोटं असतं तिथं जीभ अडते. नाना म्हणतात, इथं उठाव हवा. मला वाटतं, इथं कमी हवं. मग मी त्यांचं निम्मं लिहिते, आणि निम्मं माझं."

दुसऱ्या कोणाला हे ऐकून गहिवरून आलं असतं. दिपमालाला संताप आला. ज्या माणसाच्या भरवशावर तिनं चार वर्षं घातली त्याला पान दिसत नव्हतं, आणि जिचं ऐकून पुस्तक सुधारलं ती चोरून लिहीत होती. "सहा महिने मी कोणाचं ऐकत होते?" ती म्हणाली. "मला एकानं तरी खरं सांगायचं ना! मी टायपिस्ट आहे म्हणून चालवून घेतलंत का? प्राध्यापकीणबाई असते तर असं केलं असतंत?"

डिंपलच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती म्हणाली, "चुकलं माझं. पण धाकटी बोलणार नाही, ते नाही चुकलं."

आणि तेही खरं होतं. दिपमालानं चहा तसाच ठेवला. बाहेर येऊन ती सरांजवळ बसली. त्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं आणि जणू सगळं स्वच्छ दिसतंय अशा थाटात तासभर पुस्तकाच्या शेवटावर बोलले. "एकोणीस वर्षं वाचकानं वाट पाहिली. आणि तुम्ही त्याच्या हातात तुटकी चप्पल देता? अहो, गळाभेट हवी. अश्रू हवेत. करा पाचवा खर्डा." दिपमाला "बघते" म्हणाली. तिच्या तोंडून त्यांच्या डोळ्यांचा विषय निघाला नाही. निघताना सरांनी नमस्कारासाठी हात जोडले ते तिच्या थोडे उजवीकडे.

भाद्रपदात नीलेशकडे एका स्थानिक दिवाळी अंकाचं काम आलं. दरवर्षी यायचं. बरंच साहित्य मेलवर, थोडं कागदावर. दिपमाला गठ्ठा उलगडत होती आणि सातवी कथा हातात आली ती तिची स्वतःची. वर तिचं नाव, खाली 'आगामी कादंबरीतील अंश'. पानं तिनंच छापून पाठवलेली. फक्त शेवटचं दीड पान हातानं लिहिलेलं होतं, ताठ 'र'चं. त्यात थोरली म्हणत होती, "ताई, मला क्षमा कर," आणि धाकटी तिच्या गळ्यात पडत होती, आणि 'दोघींच्या नयनांतून वाहणाऱ्या अश्रुधारांत एकोणीस वर्षांचा अबोला वाहून गेला' होता. थोरली धाकटीला ताई म्हणत होती!

तिनं तिथूनच धुळ्याला फोन लावला. सर खूष होते. "कळलं का? तुम्हाला चकित करायचं होतं. पहिलं प्रकाशन! फार थांबलात हो तुम्ही, मला जाणीव आहे त्याची. आधी पेढे द्या."

"सर, शेवट..."

"मी स्वतः सांगून लिहून घेतला. दोनदा वाचून घेतला. बघा, लोक रडतील."

त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की तिला पुढे बोलवेना. फोन ठेवल्यावर तिनं स्वतःच्याच दुर्बळपणाला मनात दोन शिव्या घातल्या. मग टाइप करायला बसली. टायपिस्टनं समोर आहे तेच टाइप करायचं असतं. मजकुरात शंका काढता येते, हात घालता येत नाही. सतरा वर्षं तिनं हे पाळलं होतं. 'नयनांतून' टाइप करताना बोटं जड झाली, पण तिनं केलं.

दोन दिवस फाइल तशीच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी नीलेश म्हणाला, "ताई, संध्याकाळी पानं छापायला जातील." दिपमालानं पाण्याची बाटली रिकामी केली. फाइल उघडली. क्षमेपासून खालचं सगळं निवडलं आणि काढून टाकलं. त्या जागी आपला शेवट घातला: चप्पल तुटते, थोरली तसं म्हणते, धाकटी थांबते. चार ओळी.

"इथं खाली एवढी जागा का राहिली?" नीलेशनं विचारलं.

"कथा तिथंच संपते."

"मग चटईवाल्यांची जाहिरात टाकून देऊ," तो म्हणाला, आणि टाकली.

अंक धनत्रयोदशीला आला. कागद पिवळट, नाव 'दीपमाला' असं दीर्घ छापलेलं. अनुक्रमणिका दुसऱ्यानंच केली होती. योगराजनं पाच प्रती घेतल्या आणि डाळमिलमध्ये वाटल्या. पाडव्याच्या सकाळी डिंपलचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"ताई, अंक आलाय. नाना म्हणतात, वाच. मी आधी चाळला... काय वाचू? त्यांनी सांगितलेलं माझ्याकडे लिहिलेलं आहे. तेच वाचलं तर त्यांना कळणार नाही."

दिपमाला फराळाचं ताट घेऊन शेजारी निघाली होती. ती दारातच थांबली. त्या क्षणी तिला फार वाटलं, म्हणावं, वाच त्यांचंच. म्हातारा खूष होईल, पुस्तक छापेल, विषय संपेल. मधल्या माणसानं चार शब्द बदलले म्हणून कोणाचं काय बिघडतं?

"जे छापलंय ते वाच," ती म्हणाली.

"मग माझंही बाहेर येईल."

"येऊ दे. किती दिवस दुसऱ्याच्या शाईत लिहिशील?"

डिंपलनं फोन ठेवला. त्या दिवशी काय झालं ते दिपमालाला दुसऱ्या दिवशी कळलं. सरांनी शेवट तीनदा वाचायला लावला. मग विचारलं, "हे कोणी केलं?" डिंपल म्हणाली, "चप्पल ताईंची. थांबणं माझं." आणि मग तिनं सगळं सांगितलं, तिसऱ्या खर्ड्यापासूनचं. सर उठून भिंतीला हात लावत आत गेले. त्यानंतर अकरा दिवस त्यांनी तिच्याकडून काही वाचून घेतलं नाही. सकाळी पेपर आला की स्वतःच हातात धरून बसायचे, वेळेवर पान उलटायचे.

दिपमालानं सरांना फोन केले. घेतले गेले नाहीत. पत्र लिहावं म्हटलं तर ते वाचून दाखवणार कोण, हा प्रश्न. आणि शेवटी तिलाही राग होताच. माफी कशाची मागायची? आपल्याच कथेचा शेवट आपण लिहिला याची? पण मग ते नमस्काराचे बाजूला गेलेले हात आठवायचे आणि टाइप करताना रफार चुकायचा. असे दिवस चालले होते.

गावी अंक पोचला होता. मायला वाचता येत नाही. मोठी माय चौथी शिकलेली. तिनं ओट्यावर बसून कथा मायला वाचून दाखवली, बोट ठेवून, दोन दिवस लावून. मग मायचा फोन आला.

"तू लिखं ते बठ्ठं खोटं शे," माय म्हणाली. "मी कसाले थांबसू तिन्हाकरता?"

मागून मोठ्या मायचा आवाज आला, "चप्पल मनी नही, तिनी तुटनी व्हती!" मग फोन बाजूला राहिला आणि दोघींचं जुंपलं: चप्पल कोणाची, पुढे कोण चालत होतं, तहसीलला मुळात कोण आधी निघालं होतं. दिपमाला पाच मिनिटं ऐकत राहिली. तिला कोणी काही विचारलं नाही. पुस्तक कधी येणार, हेसुद्धा नाही. शेवटी तिनं फोन बंद केला.

पौषात, संक्रांतीनंतर, दुकानात सरांचा फोन आला. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"मी तुमच्यावर नाराज आहे," ते म्हणाले.

"मी पण, सर."

"तुमचा चौथा खर्डा मी वाचलेला नाही, हे माझ्या लक्षात आलं. मी माझा ऐकला, तिनं तिचा लिहिला. तुमचा कोणी वाचलाच नाही. आता पहिल्यापासून वाचायला सांगितलंय. मधे बोलायचं नाही, मीही नाही आणि तिनंही नाही. झाल्यावर सांगेन, छापायचं की नाही."

"कधीपर्यंत, सर?"

"पुस्तक कायमचं असतं," ते म्हणाले, आणि दिपमालानं फोन कानापासून लांब धरला, कारण नाहीतर ती काहीतरी बोलली असती.

चौथ्या खर्ड्याची एकशे अठ्ठ्याऐंशी पानं आहेत. डिंपल रोज दुपारी तीन पानं वाचते. त्याहून जास्त सरांना झेपत नाही. लाल पेन तिनं समोर ठेवलेलं असतं, उघडलेलं नसतं. वाचून झालं की ती फोन करते. "आज काही नाही बोलले." "आज मधेच पाणी मागितलं." एकदा म्हणाली, "आज सासूच्या पानावर हसले, पण का ते नाही सांगितलं." दिपमाला विचारते, म्हणजे आवडलं की नाही? डिंपल म्हणते, मला काय माहीत, ताई.

दिपमालाला असं वाट बघत बसवत नाही. जेवणाच्या सुट्टीत तिनं दुसरी फाइल उघडली आहे, दुसरं काहीतरी सुरू केलं आहे, नीट जमत नाही. काल डिंपलचा फोन आला तेव्हा ती एका वकिलाचं भाडेकरारपत्र टाइप करत होती. फोन खांद्यात धरून तिनं विचारलं, "किती?"

"त्रेसष्ट," डिंपल म्हणाली. "आज पान उलटताना म्हणाले, थांब. मग म्हणाले, वाच पुढे."

"थांब का म्हणाले?"

"नाही सांगितलं."

वकील समोर उभा होता, त्याला कोर्टात जायची घाई होती. दिपमालानं फोन ठेवला आणि करारातली अट क्रमांक नऊ टाइप करायला घेतली.